‘करमत नाही’ हा आजार नव्हे

पावसाळ्यात दरवर्षी एक-दोनदा तरी अशी वेळ येते. दोन-तीन दिवस पाऊस उघडीप देत नाही, तारळी तांबडी होऊन कृष्णेला मिळते, ओढ्यांवरचे पूल पाण्याखाली जातात आणि शाळांना सुट्टी जाहीर होते. अशा दिवशी उंब्रजच्या माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची मुले येतात. काहींना खरोखरच ताप, खोकला किंवा जुलाब असतात. उरलेल्यांना काहीच झालेले नसते, पण आई मात्र रडकुंडीला आलेली असते.

अशीच एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. “डॉक्टर, ह्याला काय झालंय बघा. सकाळधरनं नुसती किरकिर. जेवत न्हाय, रातचं झोपत न्हाय. मोबाईल काढून घेतला की अंगावर येतंय. एखादं टॉनिक तरी लिवून द्या.”

मी मुलाला तपासले. ताप नव्हता, घसा स्वच्छ, कान ठीक. पोट मात्र गच्च होते. मी त्यालाच विचारले, “काय होतंय रे बाळा?” तो खाली मान घालून म्हणाला, “करमत न्हाय.”

आई हसली. मला मात्र वाटले, की पोराने आपले निदान अगदी बरोबर केले आहे. करमत नाही हा आजार नव्हे, आणि त्याला टॉनिकही नाही. पण त्यावर आपण जो उपाय करतो, त्यातून आजार होऊ शकतात. म्हणून आज या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

शाळा मुलाला अक्षरे शिकवते हे आपण जाणतो. ती त्याच्या शरीरालाही वळण लावते, हे ध्यानात येत नाही. ठरल्या वेळी उठणे, परसाकडे जाणे, चालत शाळेत जाणे, मधल्या सुट्टीत पळापळ, दुपारी पंगतीत बसून पोषण आहाराची खिचडी आणि रात्री दमून झोप. शाळा बंद झाली की हे सगळे एका दिवसात सुटते. मूल नऊला उठते, अंथरुणातच बिस्किटाचा पुडा फोडते, पाणी पीत नाही, हलत नाही. मग पोट साफ होत नाही, म्हणून भूक लागत नाही. अंग दमत नाही, म्हणून झोप येत नाही. शाळेच्या वयाच्या मुलाला रोज 9 ते 11 तास झोप लागते. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी दुप्पट किरकिर. मग आई म्हणते, “घे बाबा मोबाईल, पण गप्प बस.”

या बाबतीत मी कुणाला नावे ठेवणार नाही, कारण ही चूक माझ्या हातून माझ्याच घरात झालेली आहे. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा माझा सहा वर्षांचा नातू पुण्याहून आमच्याकडे आला. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असे सगळ्यांनाच वाटत होते. दवाखान्यात गर्दी, घरात धास्ती. मुलाला आमच्याजवळ येऊ द्यावे की नाही हेही कळत नव्हते. मी माझा जुना मोबाईल त्याच्या हाती दिला. घर शांत झाले. वर्षभराने त्याला चष्मा लागला.

चष्मा मोबाईलमुळेच लागला असे मी म्हणणार नाही. त्याच्या आईलाही चष्मा आहे, आणि हा दोष घराण्यात उतरतो. पण मुलाच्या वाढत्या वयात डोळ्याचा गोलही वाढत असतो. तो गरजेपेक्षा लांबट झाला की जवळचे दिसते आणि फळ्यावरचे धूसर होते. सतत जवळ पाहणे आणि उघड्यावरचा उजेड न मिळणे, या दोन्ही गोष्टी त्याला हातभार लावतात. चीनमध्ये एका ठिकाणी शाळकरी मुलांची नेत्रतपासणी दरवर्षी होत असे. तेथे सहा वर्षांच्या मुलांत ही लघुदृष्टी 2015 ते 2019 या काळात कधीही शंभरात सहाच्या वर गेली नव्हती. 2020 साली काही महिने घरात कोंडून राहिल्यावर ती शंभरात एकवीसच्या वर गेली. ढगाळ दिवशीसुद्धा अंगणातला उजेड घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो. डोळ्यांना तो हवा असतो.

त्या वेळचा हिशेब आज मांडला की मन सुन्न होते. आपल्याकडे ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाले, आणि पहिली ते चौथीचे 1 डिसेंबर 2021 रोजी. म्हणजे लहान मुलांची शाळा जवळजवळ वीस महिने बंद होती. गावोगाव शाळेच्या खोल्यांत मुंबई-पुण्याहून आलेल्यांचे विलगीकरण चाले. पोरे लांबून आपली शाळा बघायची, आणि आत कुणाचा तरी काका बसलेला असायचा. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. घरातल्याच वस्तू घेऊन करायचे उपक्रम त्यात असत. ज्या घरात मालिका संपल्यावर कुणी मोठे माणूस मुलाजवळ बसून तो उपक्रम करी, तिथली मुले मला निराळी दिसत. टीव्ही लावून मोठी माणसे आपापल्या कामाला निघून जात, त्या घरांत मात्र फारसा फरक पडत नसे. हा माझा दवाखान्यातला अनुभव आहे, शास्त्रीय पाहणी नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. मुलाला दिवसभर रमवणे हे आईचे काम नाही. ते कुणालाही जमणार नाही, आणि शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. मुलाला हवे असते ते तीन गोष्टींपुरते: दिवसाला आकार, अंगाला श्रम, आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना. एवढे जमले की बाकीची करमणूक ते आपली आपण शोधते.

आकार म्हणजे वेळापत्रक भिंतीवर चिकटवणे नव्हे. उठणे, आंघोळ, दोन जेवणे आणि झोप यांच्या वेळा शाळेच्या दिवसासारख्याच ठेवाव्यात. आमच्या शेजारच्या एक आजी सुट्टीतही सकाळी अकराला ताटलीवर पळी वाजवतात. “चला, शाळा भरली.” पोरे हसतात, पण येऊन बसतात. तासभर वाचन-लेखन होते, पुन्हा ताटली वाजते, की मधली सुट्टी.

अंगाला श्रम द्यायचे तर पावसात कसे, असे विचारले जाते. सोप्यात दोरीच्या उड्या मारता येतात, सूर्यनमस्कार घालता येतात, गोधड्यांच्या ढिगावरून उड्या मारता येतात. आणि पंचमी-गौरीचे खेळ आहेतच. फुगडी, झिम्मा, पिंगा हे घरातल्या घरात घाम काढणारे व्यायाम आहेत, आणि ते फक्त मुलींनीच खेळावेत असे कुठे लिहिलेले नाही. पाच वर्षांपुढील मुलाला रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावसाची सर थांबली की अर्धा तास अंगणात सोडावे. थोडे भिजले म्हणून सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते बंद खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांत अधिक पसरतात. घरात आल्यावर अंग कोरडे करून कपडे बदलले म्हणजे झाले. विजा चमकत असताना मात्र बाहेर नको, आणि पायाला जखम असेल तर गोठ्याशेजारच्या साचलेल्या पाण्यात खेळणे नको.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलाला खोटी कामे कळतात. “हे जरा इकडून तिकडे ठेव” असे सांगितले की त्याला लगेच समजते, की आपल्याला नुसते गुंतवले जात आहे. त्याला खरे काम द्यावे. वाटाणा सोलणे, मटकी निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, पावसाचे पाणी एका सरळ डब्यात धरून रोज पट्टीने मोजणे आणि कॅलेंडरवर लिहिणे. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी-रात्री घ्यायची आठवण करण्याचे काम मी एका दहा वर्षांच्या मुलीला दिले होते. गोळ्यांना हात लावायचा नाही, फक्त आठवण करायची आणि वहीत खूण करायची. त्या पंधरवड्यात आजोबांची एकही गोळी चुकली नाही.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत त्या घराने तर चिंताच करू नये. सोप्यातल्या फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरे आखा. चिंचोके भाजून, फोडून चार फाके घ्या. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. झाला चल्लस-आठ तयार. पांढऱ्या जितक्या बाजू वर पडतील तितकी घरे पुढे, चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही तपकिरी पडल्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. बाहेरच्या घरांतून एका दिशेने फिरायचे, आतल्या घरांतून उलट दिशेने आणि शेवटी मधल्या घरात जायचे. वाटेत दुसऱ्याने सोंगटी मारली की पुन्हा पहिल्यापासून. यात मोजणी आली, पुढचा विचार आला, आपल्या पाळीची वाट बघणे आले आणि हरणेही आले. हरल्यावर पट उधळून देणारे पोर तिसऱ्या दिवशी शांतपणे “पुन्हा मांडा” म्हणते, हे मी नातवाच्या बाबतीत पाहिले. चष्मा लागल्यावर मला शहाणपण सुचले होते. आजीच्या मांडीला मांडी लावून तो डावामागून डाव खेळत असे.

एक सावधगिरी. चिंचोके, गजगे, मणी, गोट्या आणि अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकले तर जिवावर बेतते. खेळण्यातली आणि घड्याळातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

मोबाईल अजिबात नको असे मी म्हणत नाही. परगावच्या बापाशी व्हिडिओवर बोलणे ही मुलाची गरज आहे. पण दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. मोठ्यांसाठी वेळ आधी ठरवा. जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर तो बंद. पडद्यावर दर काही सेकंदांनी नवे काहीतरी येते, त्यामुळे तो बंद केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे मुलाला जग अळणी लागते. ते रडते, आपटते. ही पंधरा-वीस मिनिटे सोसावी लागतात. बहुतेक घरे नेमकी तिथेच हरतात.

आणखी एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. शाळा बंद झाली की मुलाच्या हाती मोबाईल येतो आणि त्याच्या बहिणीच्या हाती खराटा. धाकट्या भावंडाला सांभाळणे, भांडी, पाणी, सगळे तिच्यावर. बारा वर्षांची मुलगी दवाखान्यात पाठ दुखते म्हणून येते. कामे दोघांत वाटा. चल्लसच्या पटावर तिलाही एक बाजू हवी.

मोठी माणसे कामावर असताना घरातली मुले एकटी असतात, तेव्हाची भीती वेगळीच. आपल्या भागात विहिरी आहेत, शेततळी आहेत, नदी तर दारातच. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. ‘जाऊ नको’ एवढे सांगून भागत नाही. कुणाच्या नजरेखाली मूल राहणार, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरले पाहिजे. तीन-चार घरांनी मिळून पाळी लावली तर एकेकीचा एकच दिवस मोडतो. फवारणीची औषधे शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. धान्यात ठेवायच्या गोळ्या कुलपात असू द्या.

करमत नाही म्हणणारे मूल खेळ मांडला की येते, बोलावले की हसते. जे आवडीच्या खेळालाही उठत नाही, दोन आठवडे गप्पगप्प राहते, जेवण-झोप सोडते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते किंवा शाळा उघडल्यावरही घाबरून जायला नकार देते, त्याला मात्र डॉक्टरांना दाखवावे. महापुरानंतर किंवा घरात कुणी दगावल्यावर अशी मुले पाहायला मिळतात. त्यांना रागावू नये.

त्या दिवशी आलेल्या मुलाला मी टॉनिक दिले नाही. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी पिणे, न्याहारीनंतर दहा मिनिटे परसाकडे बसण्याची सवय, बिस्किटांऐवजी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, हे आईला सांगितले. घरी कोण कोण असते, असे विचारले. “सासरे हायती की, पन ते दिसभर पडूनच असत्यात. त्यांनाबी करमत न्हाय.” मी चिठ्ठीच्या पाठीमागे पाच गुणिले पाच घरे आखली आणि चिंचोके किती लागतील ते लिहून दिले.