चाकांवरील घराचा ओटा

अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यावयाच्या लहान ट्रेलर-घरात निजण्याबसण्याची सोय बेताची का होईना, असते. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र शेगडी व सिंक बसवल्यावर भाजी चिरण्यास वीतभर जागा उरत नाही. बाहेर झाडाखाली मेज मांडावे, असे सांगणारे पुष्कळ. पण पाऊस काही त्यांना विचारून येत नाही!

सोपा उपाय सिंकवरील फळीचा. तोंडावर नेमकी बसणारी जाड फळी ठेवली की तोच ओटा होतो. कोपऱ्यास बोटभर भोक असावे, म्हणजे ती सहज उचलता येते. शेगडीवरही फळी चालते. पण जाळी पूर्ण निवल्यावरच, एरवी लाकूड पेटण्याचे भय.

ओट्याच्या कडेस बिजागऱ्यांनी जोडलेली, उचलून आधारावर टेकवायची फळी अधिक उपयोगी. तिचे स्क्रू पातळ प्लायवुडात नव्हे, आतील भक्कम चौकटीत रुतले पाहिजेत. नाहीतर पीठ मळताना सारेच उखडते. ती दाराच्या वाटेत तर मुळीच नको. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट बहुधा तीच असते. गाडी हलण्यापूर्वी फळी खाली उतरवून खिट्टी लावावी आणि सुट्या फळ्या कपाटात बंद कराव्यात.