माझगावच्या बेटावर पुन्हा

गेल्या हिवाळ्यात मी लहानपणीच्या बेटावर जाऊन आले, असे रेडमंडमधील मराठी मंडळींना सांगितले की ते हवाईची चौकशी करतात, ग्रीसची करतात. माझगाव म्हटले की हसतात. मंडळींचे हसणे अज्ञानातले आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांमधल्या खाड्या बुजवून आजची मुंबई झाली. त्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या क्रमाने आम्ही शाळेत घोकलेले माझगाव हे माझे बेट.

निघण्याचे कारण आई. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आता रेडमंडला माझ्याजवळ असते. वडील १९९१ साली वारले. त्यांच्या दगडावरची अक्षरे पुसली असतील, ती कोरून ये, एवढेच तिचे सांगणे होते. मुलीलाही बरोबर घेतले. तिचा जन्म रेडमंडचा.

पहिल्या संध्याकाळी भंडारवाड्याच्या टेकडीवर गेलो. येथे पूर्वी इंग्रजांचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने तो काबीज केला आणि १६९० मध्ये माघार घेताना उद्ध्वस्त केला. जंजिरेकरांच्या चाकरीत पुढे आपल्या समाजातीलही पुष्कळ लोक होते, तेव्हा या इतिहासात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न मला लहानपणी पडत असे. वडील मात्र टेकडीवर आले की किल्ल्याकडे पाहतच नसत. बंदरापलीकडे दक्षिणेला बोट करून म्हणत, "तिकडे आपले नवगाव." सुटीत भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरून आम्ही तिकडे जात असू. सुक्या बोंबलांचा वास, पाण्यावर तास-दीड तास, आणि आईच्या मांडीवरचा बिरड्याचा डबा. २०२० पासून त्याच धक्क्यावरून मांडव्याला मोटारी पोटात घेऊन जाणारे जहाज सुटते. आम्ही हट्टाने रेवसच्याच लाँचने गेलो. मुलीला ती पसंत पडली, मला मळमळले.

शाळेपाशी मात्र मी फार वेळ थांबले. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली इस्राएलाइट स्कूल काढले, तेल गाळणाऱ्या आणि सुतारकाम करणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलांनी मराठी, इंग्रजी आणि हिब्रू शिकावे म्हणून. पुढे सर एली कडुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. केहीमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. तो १८९७ साली पुरा झाला आणि छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक वारल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. अमेरिकेत येण्यापूर्वी मी दहा वर्षे मास्तरकी केली आहे, त्यामुळे शाळा सुटतानाचा गलबला मला परका नाही. आज तेथील बहुतेक मुले मुसलमान आहेत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अदबीने विचारले, "किसको लेने आये हो?" मला काही उत्तर सुचले नाही.

वरळीचे कबरस्तान ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. एलिजा मोझेस यांचे नाव आहे. ते बेने इस्राएल, १९३७ साली मुंबईचे महापौर. मुलीला हे सांगितले तेव्हा ती प्रथमच थोडी चमकली. वडिलांच्या दगडावर वर हिब्रू ओळ आहे, खाली मराठी. वरची ओळ मुलीने बोट ठेवून वाचली, कारण रेडमंडला दर रविवारी मी तिला आलेफ-बेत शिकायला धाडीत असे. खालच्या ओळीशी ती थांबली.

पाथरवट वयस्कर होता. अक्षरामागे त्याचा दर ठरलेला. हिब्रू त्याला येत नाही, ती तो चित्रासारखी उतरवतो. आम्ही मायलेकी इंग्रजीत बोलताना त्याने ऐकले असावे. म्हणाला, "बाई, खालचं कशाला करता? तुमच्याकडं कोण वाचणार?" मला राग आला. शिक्षिकेला येतो तसा, मोठ्या आवाजात आला. पण रात्री तो टिकला नाही. मराठीचे धडे मी "पुढच्या सुटीत" म्हणून सोळा वर्षे पुढे ढकलले होते, आणि त्या माणसाने पैसे वाचवण्याचीच गोष्ट सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कागदावर नक्कल आणली. झिजलेल्या दगडावरचा पहिला 'व' त्याला दिसला नव्हता, म्हणून त्याने "नागावकर" लिहिले होते. मी काट मारली. मुलगी म्हणाली, एका अक्षराने एवढे काय बिघडते? मग तिला सांगावे लागले. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, नवगाव उत्तरेला, थळजवळ. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले, अशी आपली परंपरा सांगते तो नवगावचाच किनारा. तिने कागद मागून घेतला आणि "व" कसा काढायचा ते विचारले. दुसरी नक्कल आली तेव्हा ती तिनेच तपासली, दगड, कागद, पुन्हा दगड, एकेक अक्षर. जोडाक्षर एकही नव्हते, हे आमचे नशीब.

काम चार दिवसांत झाले. दोन्ही ओळी काळ्या रंगात भरल्या. मुलीने छायाचित्र काढून आजीला धाडले, आणि आम्ही घरी पोचलो तेव्हा ते मोठे करून छापून दिले. आईने भिंग मागितले. वरच्या ओळीकडे तिने पाहिलेच नाही.