एका शस्त्राचे परिनिरीक्षण : ब्रूस ली यांचे चित्रपट आणि ब्रिटिश कात्री

प्रस्तावना

चित्रपटांच्या परिनिरीक्षणाचा विचार करताना सामान्यतः तीन विषय समोर येतात : शृंगार, धर्म आणि राजकारण. हिंसा हा चौथा विषय असला तरी तिची चर्चा बहुधा प्रमाणाच्या भाषेत होते. रक्त किती दाखवावे, मारहाण किती वेळ चालावी, असा तो हिशेब असतो. ब्रिटनमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत परिनिरीक्षणाचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला. तेथे कात्री चालली ती एका वस्तूवर. दोन आखूड लाकडी दांडके आणि त्यांना जोडणारी साखळी वा दोरी, एवढेच ज्याचे स्वरूप, त्या नन्चाकू नावाच्या शस्त्राचे दर्शनच पडद्यावरून पुसून टाकण्याचे धोरण ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने अवलंबिले. या धोरणाचा सर्वाधिक फटका ज्यांच्या चित्रपटांना बसला ते नट म्हणजे ब्रूस ली. हे धोरण कसे उदयास आले, त्यामागील तर्क कोणता आणि त्या तर्काची मर्यादा कोठे दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रूस ली यांचे चित्रपट आणि नन्चाकू

ब्रूस ली यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. बालपण व तारुण्याचा आरंभ हाँगकाँगमध्ये गेला. तेथे इप मान यांच्याकडे त्यांनी विंग चुन ही युद्धकला शिकली. १९५९ मध्ये ते अमेरिकेस परतले. 'द ग्रीन हॉर्नेट' (१९६६-६७) या दूरदर्शन मालिकेतील दुय्यम भूमिकेपलीकडे हॉलिवूडने त्यांना फारसे काही देऊ केले नाही. अखेर रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्ट या नव्या संस्थेसाठी त्यांनी हाँगकाँगमध्ये 'द बिग बॉस' (१९७१) केला आणि अवघ्या दोन वर्षांत ते आशियातील सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक झाले. २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'एन्टर द ड्रॅगन' अमेरिकेत प्रदर्शित झाला तो त्यानंतर, ऑगस्टमध्ये. प्रमुख भूमिकेतील पूर्ण झालेले चित्रपट अवघे चार. इतक्या अल्प सामग्रीवर एवढी कीर्ती उभी राहिल्याचे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात विरळाच.

'द बिग बॉस'मध्ये नन्चाकू नाही. ते प्रथम येते 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) मध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शांघायमध्ये घडणाऱ्या या कथेत चेन झेन हा शिष्य आपल्या गुरूच्या मृत्यूनंतर जपानी युद्धशाळेत एकटा जाऊन उभा राहतो. भोवती शत्रूचे कडे आणि तो कमरेचे नन्चाकू बाहेर काढतो. याच चित्रपटात बागेच्या दारावरील, कुत्र्यांना व चिनी लोकांना प्रवेश नाकारणारी पाटी तो लाथेने फोडतो. त्यामुळे चिनी प्रेक्षकाच्या दृष्टीने ते शस्त्र अपमानित माणसाच्या हातातील शस्त्र होते. या प्रसंगात एक ऐतिहासिक विसंगती आहे, तीही नोंदविण्याजोगी आहे : जपान्यांविरुद्ध उगारलेले हे शस्त्र मूळचे ओकिनावाचे, म्हणजे आज जपानचाच भाग असलेल्या बेटांचे. धान्य झोडपण्याच्या साधनातून ते निर्माण झाले अशी लोकसमजूत आहे.

'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) हा ली यांनी स्वतः लिहिलेला व दिग्दर्शित केलेला चित्रपट. हाँगकाँगच्या ग्रामीण भागातून रोमला आलेला एक साधा तरुण नातेवाइकांचे उपाहारगृह गुंडांपासून वाचवितो, एवढेच कथानक. उपाहारगृहामागील गल्लीतील मारामारीत तो दोन नन्चाकू वापरतो. त्याच्या हातून पडलेले एक नन्चाकू उचलून एक गुंड त्याची नक्कल करू पाहतो आणि स्वतःच्याच डोक्यावर फटका मारून घेऊन कोसळतो. हा विनोदी क्षण ध्यानात ठेवावा. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व आहे.

'एन्टर द ड्रॅगन' (१९७३, दिग्दर्शक रॉबर्ट क्लाऊस) मधील भुयाराचे दृश्य सर्वांत प्रसिद्ध आहे. एकामागून एक धावून येणाऱ्या पहारेकऱ्यांशी नायक आधी लांब काठीने, मग दोन आखूड काठ्यांनी आणि शेवटी नन्चाकूने लढतो. पोलादी दारे बंद होऊन तो सापळ्यात अडकतो, तेव्हा ते नन्चाकू गळ्याभोवती टाकून मांडी घालून शांतपणे बसतो. वेगाच्या शिखरावरून एकदम स्थिरतेकडे येणारा हा प्रसंग ली यांच्या अभिनयशैलीचे सार मानण्यास हरकत नाही.

ब्रिटिश मंडळाचे स्वरूप आणि १९७९ चा निर्णय

ब्रिटनमधील परिनिरीक्षण मंडळ १९१२ मध्ये चित्रपट-व्यवसायानेच स्थापन केले. चित्रपटगृहांतील प्रदर्शनाबाबत कायदेशीर अधिकार स्थानिक नगरपरिषदांचा होता आणि तोही मुळात १९०९ च्या ज्या कायद्यातून आला, त्याचा हेतू ज्वालाग्राही फिल्ममुळे लागणाऱ्या आगी टाळणे हा होता. आगीच्या बंदोबस्तातून नीतीचा बंदोबस्त निर्माण व्हावा, हा शासनव्यवहारातील एक बोधक योगायोग होय. नगरपरिषदा सामान्यतः मंडळाचा निर्णय मान्य करीत. 'एन्टर द ड्रॅगन'ला ब्रिटनमध्ये काही काटछाटीनंतर 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले होते. १९७० पासून या प्रमाणपत्राची वयोमर्यादा अठरा होती. म्हणजे चित्रपट कागदोपत्री केवळ प्रौढांसाठीच होता.

१९७४ पर्यंत ब्रिटनमध्ये कुंग फूची लाट शिगेला पोहोचली होती. याच काळात तरुणांच्या टोळ्या नन्चाकू बाळगतात अशा बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. १९७५ मध्ये जेम्स फर्मन मंडळाचे सचिव झाले. फर्मन हे मूळचे अमेरिकन, दूरचित्रवाणीचे अनुभवी दिग्दर्शक, आणि मंडळाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रभावी अधिकारी. १९७९ च्या अखेरीस त्यांनी आधीच संमत झालेल्या 'एन्टर द ड्रॅगन'मधील नन्चाकूची दृश्ये काढून टाकावयास लावली. पुढे हे धोरण इतके कडक झाले की शस्त्राचा वापर तर दूरच, त्याचे दर्शनही मंडळास खपेनासे झाले. फेकण्याच्या चांदण्या, म्हणजे शुरिकेन, यांनाही तोच न्याय लागू झाला.

फर्मन यांचा तर्क उथळ नव्हता. बंदुकीचे दृश्य पाहून ब्रिटिश तरुणास बंदूक मिळत नाही. परंतु झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे आणि वीतभर साखळी कोणाच्याही घरी असते. जे शस्त्र घरच्या घरी बनविता येते आणि जे नायकाच्या हाती आकर्षक दिसते, त्याचे अनुकरण होणारच, अशी ही भूमिका होती. येथे प्रश्न नीतीचा उरला नाही, हानीचा झाला. आणि त्या अर्थाने ही भूमिका जुन्या नैतिक परिनिरीक्षणापेक्षा आधुनिकच म्हटली पाहिजे. नन्चाकूच्या चुकीच्या फटक्याने कवटी फुटू शकते, हेही खरेच. तेव्हा काळजीची हेटाळणी करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उपायाचा.

कात्रीने नेमके काय कापले

वस्तूवर कात्री चालविली म्हणजे त्या वस्तूविषयी चित्रपट काय सांगतो हेही कापले जाते. 'द वे ऑफ द ड्रॅगन'मधील गुंडाचा प्रसंग याचा उत्तम दाखला आहे. हे शस्त्र अशिक्षित हातात गेले तर ते त्याच हातावर उलटते, असे त्या चित्रपटाने हसत-हसत सांगितले होते. ब्रिटनमधील चित्रफितींतून नन्चाकूची दृश्ये गेली तेव्हा हा इशाराही गेला. मंडळाला जो परिणाम टाळावयाचा होता, त्याविरुद्ध चित्रपटानेच दिलेली साक्ष मंडळाने पुराव्यातून वगळली, असे म्हणता येईल.

'एन्टर द ड्रॅगन'ची हानी निराळ्या प्रकारची होती. भुयारातील लढाई क्रमाने चढत जाणारी आहे : लांब काठी, आखूड काठ्या, नन्चाकू, मग मौन. यातील शेवटची पायरी काढली की बसण्याच्या त्या कृतीला आधार उरत नाही. उलट मानेवर, पोटावर होणारे प्राणघातक प्रहार पडद्यावर बरेचसे शिल्लक राहिले, खलनायकाच्या हाताला बसविलेली पोलादी पातीही राहिली. ज्या प्रेक्षकास हिंसेपासून जपावयाचे त्याला हिंसा दिसत होती. दिसत नव्हते ते कौशल्य. येथेच या धोरणाची मूळ त्रुटी उघड होते. दृश्याकडे दृश्य म्हणून न पाहता कृतिपुस्तिका म्हणून पाहिले की कलेचा विचार आपोआपच बाजूला पडतो.

आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. ली यांचे हाँगकाँगमधील चित्रपट निर्माण झाले तेव्हा हाँगकाँग ही ब्रिटिश वसाहत होती. वसाहतीत जन्मलेला, परकीयांच्या अपमानाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या नायकाचा चित्रपट राजधानीत पोहोचला तो निःशस्त्र होऊन. मंडळाचा हेतू राजकीय होता असे सुचविण्यास आधार नाही. परिणामाचा अर्थ मात्र हेतूवर अवलंबून नसतो.

चित्रफितींचे युग आणि विसंगती

१९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने मंडळाला चित्रफितींबाबत थेट वैधानिक भूमिका मिळाली आणि त्याच्या नावातील 'सेन्सॉर्स' हा शब्द जाऊन 'क्लासिफिकेशन' हा शब्द आला. चित्रफिती घरात पाहिल्या जातात ही गोष्ट विचारात घेणे या कायद्याने बंधनकारक केले. घरात चित्र थांबविता येते, मागे नेता येते, हालचाल पुनःपुन्हा पाहता येते. त्यामुळे अनुकरणाचा युक्तिवाद अधिकच बळावला.

परंतु धोरण जसजसे विस्तारले तसतसे ते हास्यास्पदतेकडे झुकले. 'टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स' या मुलांच्या लोकप्रिय मालिकेचे ब्रिटनमध्ये 'हीरो टर्टल्स' असे नामांतर झाले, कारण 'निंजा' हा शब्दच धोक्याचा वाटला. त्या कासवांवरील दुसऱ्या चित्रपटात (१९९१) एक कासव सॉसेजची माळ नन्चाकूसारखी फिरवितो. तेही दृश्य मंडळाने कापले. ली यांच्या जीवनावरील 'ड्रॅगन : द ब्रूस ली स्टोरी' (१९९३) यालाही कात्री लागली. नायकाच्या चरित्रातूनच त्याची ओळख वजा झाली.

कायद्याशी तुलना केल्यास विसंगती अधिक ठळक होते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी आक्रमक शस्त्र बाळगणे १९५३ च्या कायद्यानुसार गुन्हा होताच. १९८८ मध्ये ज्यांच्या विक्रीवर व निर्मितीवर बंदी आली त्या शस्त्रांच्या यादीत शुरिकेन आहे, हाताला बांधावयाचे पंजे आहेत. नन्चाकूचा नामनिर्देश मात्र तिच्यात नाही. न्यूयॉर्क राज्याने नेमका उलटा मार्ग धरला होता. तेथे १९७४ मध्ये नन्चाकू बाळगण्यावर, अगदी स्वतःच्या घरातही, बंदी आली. परंतु 'एन्टर द ड्रॅगन'मधील नन्चाकूचे दृश्य अमेरिकेत अबाधित राहिले. ही बंदी डिसेंबर २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. एका ठिकाणी वस्तूला भ्याले, दुसऱ्या ठिकाणी तिच्या चित्राला.

भारतीय संदर्भात हा प्रश्न के. ए. अब्बास विरुद्ध भारत सरकार (१९७०) या खटल्यात चर्चिला गेला होता. पूर्वपरिनिरीक्षण घटनेशी सुसंगत आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण एखादा विषय वा घटक चित्रपटात आहे एवढ्यावरून निर्णय करू नये, तो कशा रीतीने हाताळला आहे हे पाहावे, असेही सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी आग्रहाने मांडले. नन्चाकूचे प्रकरण या कसोटीवर टिकत नाही. तेथे घटक पाहिला गेला, हाताळणी नव्हे.

धोरणाचा अंत

फर्मन १९९९ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर रॉबिन ड्यूवल यांच्या कारकिर्दीत मंडळाने देशभर लोकांची मते अजमावली आणि २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढांनी काय पाहावे हे सामान्यतः प्रौढांनीच ठरवावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. सहज उपलब्ध होणाऱ्या शस्त्रांचे उदात्तीकरण होते काय, हा प्रश्न मंडळ पुढेही विचारीत राहिले. परंतु शस्त्र केवळ दिसले म्हणून ते कापावयाचे, हा दंडक संपला. ब्रिटनमधील रस्त्यांवरील खऱ्या चिंतेचा विषय तोवर वेगळाच झाला होता, तो म्हणजे चाकू. आणि चाकू तर प्रत्येक स्वयंपाकघरात असतो.

२००१ मध्ये 'एन्टर द ड्रॅगन' ब्रिटनमध्ये कोणतीही काटछाट न होता अठरा वर्षांच्या वयोमर्यादेसह संमत झाला. १९७९ पासून मोजल्यास भुयारातील ते दृश्य तेथील प्रेक्षकांना अधिकृतपणे पाहावयास मिळण्यासाठी सुमारे बावीस वर्षे लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या चित्रपटाची राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड केली.