दिवाडी बेटावर सायकलीनें एक दिवस

यवतमाळच्या काळ्या, कपाशीच्या मुलखांत वाढणाऱ्या आपल्या मुलांस बेट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकांतील एक व्याख्या: चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेला भूभाग. ती प्रत्यक्ष अनुभवावयाची असेल, तर सुटींतील एक दिवस गोमंतकांतील दिवाडी बेटासाठीं राखून ठेवावा. आणि तें बेट मोटारींतून न पाहतां सायकलीवरून पाहावें.

कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनावर उतरलें, कीं जुनें गोवें जवळच आहे. मौज अशी, कीं ही रेल्वे मांडवी ओलांडतांना दिवाडीवरूनच धांवते, पण तेथें थांबत नाहीं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सायकल हातीं धरून फेरीबोटींत चढावें. थोड्याच वेळांत पलीकडचा तीर येतो.

उतरतांच रस्ता खाजन शेतांतून जातो. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधांत ‘मानस’ नांवाचीं दारें असतात. भरतीच्या रेट्यानें तीं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आंतलें पाणी बाहेर सोडतात. एकाच्या शेताशीं बांध फुटला, तर शेजाऱ्याचें भातही खारावतें. म्हणून बांधाची राखण सर्व गांवाची. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस याचें मर्म वेगळें सांगावयास नको.

मग पियेदाद गांवची चढण लागते. येथें लहानांनीं खुशाल उतरून सायकल ढकलावी. टेकडीवरील चर्चच्या अंगणांतून मांडवीचें पात्र आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात.

बेटाच्या दुसऱ्या टोंकास नार्वें. कदंब राजांचें कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर याचें देवालय येथें होतें. बहामनी आक्रमणांत तें पडलें; विजयनगरच्या माधवमंत्र्यानें पुन्हां उभारलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें पाडलें, तेव्हां भक्तांनीं शिवलिंग नदीपार नेलें. आज येथें जुन्या पुष्करिणीचे अवशेष पाहावयास मिळतात.

आतां पुन्हां फेरीबोट धरावी. पलीकडच्या गांवाचें नांवही नार्वेंच! तेथील देवालयाचा जीर्णोद्धार श्रीशिवछत्रपतींनीं १६६८ सालीं करविला. तसा शिलालेख तेथें आहे. गोवा सरकारनें हातीं घेतलेलें त्याचें नूतनीकरण २०२३ सालीं पुरें झालें.

ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी. पण सांगतांना द्वेषाचें बीं पेरूं नये. वाटेंत तहानलेल्या मुलांस पाणी देणारी ख्रिस्ती गृहिणी त्या जुन्या अपराधाची धनी नव्हे, हेंही त्याच वेळीं सांगितलें पाहिजे. दोन्ही गोष्टी एका दमांत सांगतां येणें, हेंच वडीलधाऱ्यांचें काम.

शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर आधींच विचारून ठेवावी, आणि सायकली केवळ मुलांसच नव्हे, मुलींस व सुनांसही द्याव्या. इतिहासांतील सनावळी घोकून विसरते. पण देवाला घर सोडून कोणत्या वाटेनें जावें लागलें, हें एकदां ती वाट स्वतः तुडविल्यावर मुलें सहसा विसरत नाहींत.