देवाचे गौरव आणि शेजाऱ्याची तहान

बऱ्हाणपुरास येणारा प्रवासी सहसा प्रथम तापीकाठचा शाही किल्ला पाहतो. १६३१ साली शाहजहानची पत्नी मुमताजमहल याच शहरी निवर्तली. तिच्या स्मरणार्थ आग्र्यास ताजमहाल उभा राहिला. येथील महालांचे मात्र आज भग्नावशेषच उरले आहेत. याच शहराच्या उत्तरेस दुसरे एक बांधकाम आहे. ते वरून पाहिले तर डोळ्यांत भरत नाही. विहिरींची तोंडे एका ओळीत दिसतात, इतकेच. हा कुंडी भंडारा होय. जहांगीरच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास तो बांधण्यात आला. सातपुड्यात मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच गोळा करून, जमिनीखालच्या बोगद्याने एका कुंडीतून दुसरीत नेत, शहरापर्यंत पोचविण्याची ही योजना आहे. येथे मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच भाराने उताराकडे चालते. चारशे वर्षे लोटली, तरी तेथे पाणी आहे.

ही दोन दृश्ये मनात ठेवून आज एका जुन्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती जीवनाचे ध्येय कोणते, असे विचारले असता उत्तर मिळते की, देवाचे गौरव करणे. त्याच धर्माचे दुसरे सांगणे असे की, देव प्रीती आहे आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी. ऐकणाऱ्याला येथे शंका येते. बादशहाला स्तुतिपाठक लागतात, तसे देवालाही लागतात काय? आणि मनुष्याचे सारे लक्ष देवाच्या गौरवाकडे लागले, तर दाराशी उभ्या असलेल्या उपाशी माणसाकडे पाहावे कोणी?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर काही अंशी शब्दातच आहे. आपला 'गौरव' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड, वजनदार, या शब्दापासून आला आहे. जुन्या करारातील ज्या हिब्रू शब्दासाठी आपण तो योजतो, तो 'काबोद' हा शब्दही वजन या अर्थाच्याच धातूपासून निघालेला आहे. तेव्हा देवाचे गौरव करणे म्हणजे देवाच्या मोठेपणात आपण काही भर घालणे नव्हे. आपल्या जीवनात त्याला वजन देणे, हा त्याचा अर्थ होय. एखादा निर्णय घेताना मनाच्या तराजूत पैसा पडतो, लौकिक पडतो, नातलगांचे मत पडते. त्या तराजूत देवाच्या इच्छेला वजन आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. ओठांवर स्तोत्र असून तराजूत वजन नसेल, तर ते गौरव नव्हे.

आता दुसरी बाजू. खाण्यापिण्यापर्यंत प्रत्येक कृतीचा हेतू देवाचे गौरव हाच असावा, असे पौलाने करिंथ येथील मंडळीला कळविले. हा उपदेश पुष्कळांना ठाऊक असतो, पण त्याचा प्रसंग विसरला जातो. मूर्तीपुढे वाहिलेले मांस करिंथच्या बाजारात विकावयास येई. ते खाण्यात दोष नाही, असे काहींचे मत होते. दुसऱ्या काहींच्या विवेकबुद्धीला ते टोचत असे. पौलाने निर्णय दिला तो असा: खाण्याची मोकळीक तुम्हाला आहे, परंतु दुसऱ्याच्या मनाला त्याने ठेच लागणार असेल, तर त्याच्यासाठी ती मोकळीक सोडा. म्हणजे देवाच्या गौरवाचा हा थोर उपदेश शेजाऱ्याच्या ताटाची चर्चा चालू असताना केलेला आहे. गौरव आणि प्रीती या दोन वाटा नव्हेत, हे त्यावरून दिसते.

परंतु उपदेशापेक्षा उदाहरण अधिक बोलते. मराठी माणसाला त्यासाठी दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापुढे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेसह वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे लंडनमधील फुलहॅम या भागात ख्रिस्ती भगिनींनी चालविलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. अशा स्त्रियांविषयी दया बाळगावी, हे रमाबाईंना नवे होते. याचे कारण काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, आणि ही स्त्री तर लौकिकाने डागाळलेली. तरीही याकोबाच्या विहिरीवर येशूने तिच्याजवळ पाणी मागितले आणि देवाच्या खऱ्या उपासनेचे गूढ तिलाच सांगितले. या कथेने रमाबाईंचे मन पालटले. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. त्या घरात विधवांना आपापले सोवळे पाळण्याची मुभा होती. स्वतः रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही जन्मभर शाकाहारी राहिल्या. करिंथकरांना केलेला उपदेश येथे मराठी स्वयंपाकघरात उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि सारे सुरळीत झाले नाही. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली येऊन बसत. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ साली संस्थेशी संबंध सोडला. या वादाकडे आज पाहताना कोणा एका बाजूस दोष देण्यात अर्थ नाही. दुबळ्याच्या अडचणीचा लाभ घेऊन त्याचा धर्म बदलू नये, ही टीकाकारांची चिंता खोटी नव्हती. आपली श्रद्धा चोरून ठेवणार नाही, हा रमाबाईंचा आग्रहही खोटा नव्हता. पण या वादातून प्रत्येक सेवकापुढे एक प्रश्न उभा राहतो: मी हे देवाच्या गौरवासाठी करतो, की माझ्या पंथाच्या आणि माझ्या नावाच्या? मोबदल्याची अट घालून दिलेले प्रेम हा व्यापार होय. पाणी पाजताना जो आधी नाव विचारतो, त्याने तहान पाहिलेली नसते.

रमाबाईंनी हा प्रश्न स्वतःलाही विचारला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला लाभला नाही. पुढे १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही गोष्ट उघडपणे लिहिली. एवढी विद्वत्ता, एवढी कीर्ती आणि एवढे कार्य असताना आपले अंतःकरण कोरडे आहे, असे म्हणावयास धैर्य लागते. जमिनीवर विहिरीचे तोंड बांधून झाले होते. झऱ्याशी तिचा संबंध जुळणे बाकी होते. तो जुळला, आणि त्यानंतरचे त्यांचे कार्य पूर्वीपेक्षा कितीतरी विस्तारले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली. त्या वेळच्या मध्यप्रांतात, ज्यात आपला निमाड जिल्हाही मोडत असे, लोक अन्नान्न करीत होते. ती बातमी ऐकताच रमाबाईंना स्वतःची ती जुनी उपासमार आठवली. त्या मध्यप्रांतात आल्या आणि निराधार मुली व विधवा गोळा करून घेऊन गेल्या. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात त्या वेळी प्लेगचे दिवस होते, तेव्हा शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाने तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. कोणी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅम येथे पाहिलेली दया केडगावच्या माळावर अशी रुजली.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. खेड्यातील साध्या बाईलाही कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळविले, पाने छापली. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो पाहावयास त्या राहिल्या नाहीत. पण ज्या हातांना एके काळी भाकरी मिळत नव्हती, त्या हातांनी तो छापला होता.

अशी चरित्रे ऐकून सामान्य माणूस म्हणतो, हे थोरांचे काम. आपल्याकडून काय होणार? परंतु गौरव म्हणजे वजन, हा अर्थ ध्यानी ठेवला तर काम फार दूरचे नाही. केळीच्या बागेचा मालक संध्याकाळी मजुराच्या हातावर मजुरी ठेवतो; ती पुरी आणि वेळेवर असेल, तर त्या हिशेबात देवाला वजन आहे. यंत्रमागावरचा कारागीर कापडातला दोष झाकत नाही, परिचारिका रात्री तिसऱ्यांदा हाक मारणाऱ्या रोग्यावर रागावत नाही, सून आणि सासू यांच्यापैकी एक जण आपला हक्क आज सोडून देते. हे कोणी छापत नाही, त्याची कोठे शिळा बसत नाही.

दिवस संपताना आपण देवाची स्तुती किती केली, हे मोजण्यापेक्षा आपल्या हातून आज कोणाची तहान भागली, हे स्वतःस विचारावे. आणि ती भागली असेल, तर पाणी आपले नव्हते, डोंगरातून आले होते, याची आठवण ठेवावी. ही आठवण ठेवणे, यालाच देवाचे गौरव म्हणतात.