वाफसा आणि ‘उद्यां’

आळसाला शत्रु म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे. परंतु शत्रु म्हणून तो कधींच दारांत उभा राहत नाहीं. तो येतो स्नेह्यासारखा. थकलेल्याला तो म्हणतो, जरा टेक. कामांत असलेल्याला म्हणतो, हें झाल्यावर तें पाहूं. आणि सुशिक्षितांपाशीं तर त्याची भाषा विशेष गोड असते. ‘घाईनें वाईट करण्यापेक्षां सवडीनें नीट करूं’ हें वाक्य आपल्यापैकीं कितीजणांनीं उच्चारलें असेल, आणि तें नीट करावयाचें काम त्यांतील कितीजणांच्या हातून पार पडलें असेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्याशींच करावा. माझा हिशेब मी येथें मांडतों.

आमचें घर धाराशिव जिल्ह्यांतील वाशी येथलें. बालाघाटाच्या पठारावरची काळी जमीन, बेभरंवशाचा पाऊस, आणि घरच्या भाकरीची सारी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. या ज्वारीला वरून पाणी थोडेंच मिळतें; जमिनींत मुरलेल्या ओलीवरच तिला वाढावयाचें असतें. उत्तरा-हस्ताचा पाऊस उघडल्यावर लगेच तिफण घातली, तर चिखल फणाला चिकटतो. फार दिवस थांबलें, तर वरची ओल उडून जाऊन बीं कोरड्यांत पडतें. या दोहोंमधील जे मोजके दिवस, त्यांना वाफसा म्हणतात.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. वडील आजारी असल्यामुळें त्या वर्षीं पेरणी माझ्याकडे आली होती. बियाणें आणण्याचें मीं आजचें उद्यांवर ढकललें, उद्यांचें परवांवर. चौथ्या दिवशीं आमचा सालगडी ओसरीशीं उभा राहून एवढेंच म्हणाला, “मालक, वाफसा काय आपल्यासाठीं थांबतो व्हय?”

पेरणी झाली, पण निम्मा तुकडा विरळ उगवला. धान्याची तूट पुढच्या वर्षीं भरून निघाली. त्याच्या प्रश्नानें मात्र मला घरांतील दुसऱ्या एका वाफशाची आठवण झाली.

माझी आत्या बालविधवा होती. सारा जन्म तिनें आमच्याच घरीं राबून काढला. तिला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासांत घरीं श्रीधरांचा हरिविजय वाचला जाई, तेव्हां ती माजघराच्या उंबऱ्याशीं बसून ऐके. एके दिवशीं ती मला म्हणाली, “बाळ, ही पोथी माझी मला वाचतां येईल एवढं शिकव रे.” मीं मोठ्या आनंदानें होकार दिला. पुढें श्रावणांत घरीं सणवार म्हणून राहिलें. दिवाळींत पाहुणे म्हणून राहिलें. पाडव्यापासून नक्की असें ठरविलें, तों उन्हाळा लागला. अशीं सहा वर्षें गेलीं. आत्यानें पुन्हां विचारलें नाहीं. मागणें हा ज्यांचा स्वभाव नसतो, त्यांना ‘उद्यां’ म्हणणें फार सोपें असतें.

त्या रात्रीं मीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ पुन्हां उघडलें. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांत दिसणारा मनुष्य धडाडीचा वीर नाहीं. आपण भिडस्त व लाजाळू होतों, हें तो मोकळेपणानें सांगतो. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावरील एका झोंपडींत नेला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयाचें आणि पायीं हिंगण्यास जाऊन तेथील मुलींस शिकवावयाचें, हा क्रम त्यांनीं चालविला. आज उत्साह आहे किंवा नाहीं, हा प्रश्नच त्या वाटेवर नव्हता. त्या पायपिटीमागून १९१६ सालीं महिला विद्यापीठ आलें. आणि १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं हाच मनुष्य पुन्हां वर्गणी गोळा करीत फिरूं लागला.

त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर आत्यासाठींच घडली असावी असें मला वाटलें. विसाव्या वर्षीं वैधव्य आलेल्या या बाईंनीं त्यानंतर शिक्षणास आरंभ केला, आश्रमासाठीं गांवोगांव फिरून निधि जमविला, आणि १९१८ सालीं, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्याच्या इच्छेनें अमेरिकेचा प्रवास केला. वय झालें ही सबब त्यांना अधिक शोभली असती. ती त्यांनीं सांगितली नाहीं, आणि तिशींतला धडधाकट मी मात्र आत्याच्या वतीनें ती मनांत सांगत होतों!

दुसऱ्या दिवशीं सांजवात झाल्यावर मीं आत्यापुढें पाटी ठेवली आणि एकच अक्षर गिरवून घेतलें. त्यावेळीं मला एक गोष्ट कळली, ती गाडीवानाला उपजतच ठाऊक असते. उभी गाडी हलवितांना बैलांना जो जोर लागतो, तो चालती गाडी ओढतांना लागत नाहीं. आळशी मनुष्य सगळ्या वाटेचें ओझें पहिल्या पावलावरच घालतो, आणि मग तें पाऊल उचलत नाहीं. मीं सहा वर्षें ‘आत्याला साक्षर करणें’ या डोंगराकडे पाहिलें. एक अक्षर गिरविण्यास पाव घटकाही लागली नाहीं.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत संवयीविषयीं असेंच सांगितलें आहे: नव्या संवयीचा आरंभ निश्चयानें करावा, आणि ती मुरेपर्यंत एकही अपवाद होऊं देऊं नये. मला तर अनुभवानें एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं काम लहान करावें. तें घरांत रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला, सांजवातीला किंवा सकाळच्या चहाला, बांधून टाकावें. आणि एखादा दिवस चुकलाच, तर त्याचे दोन होऊं देऊं नयेत. उत्साहाची वाट पाहत बसूं नये. तो बहुधा काम सुरू झाल्यावर मागून येतो.

येथें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक सुस्ती आळस नसते. अंगांत रक्त कमी असणें, गलग्रंथीचा विकार, मनाची दीर्घ खिन्नता यांनींही मनुष्य हातपाय गाळून बसतो. त्याला बोल लावण्याऐवजीं वैद्याकडे न्यावें. दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. मोठ्या घरांत आळस सहज लपतो, कारण एकानें टाकलेलें काम दुसरें कोणी तरी उचलतेंच. तें दुसरें कोणी बहुधा सून असते, किंवा आत्यासारखी न बोलणारी बाई असते. आपल्या ‘उद्यां’ची किंमत घरांत कोण देतें, हें कर्त्या पुरुषांनीं एकदां नीट पाहावें.

आत्या चिकाटीची निघाली. दहा महिन्यांनीं तिनें हरिविजयाचा पहिला अध्याय, ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानें वाचला. त्या दिवशीं तिनें स्वतः शिरा केला. पुढें ती रोज दुपारीं एकटी वाचीत बसे. परंतु काचबिंदूनें तिची दृष्टि आधींच पोखरली होती, आणि हें आम्हांला फार उशिरां समजलें. गेलेली दृष्टि परत येण्यासारखी नव्हती. छत्तीस अध्यायांपैकीं बावीस तिनें वाचले. उरलेले चौदा मीं तिला वाचून दाखविले.

ऐकतांना ती तृप्त दिसे. तिनें मला कधींही बोल लावला नाहीं. पण ते चौदा अध्याय वाचतांना प्रत्येक पानाशीं मला सालगड्याचा तो प्रश्न ऐकूं येई.