जपानी वाडग्यांतील भात आणि उडोन

नागपुरच्या घरांतून मुलगा परदेशीं निघाला कीं बाप पगाराची चौकशी करतो आणि आई विचारते, "तेथें जेवशील काय?" 2021 सालीं भारत आणि जपान यांच्यांत कुशल कामगारांविषयीं सहकार्याचा करार झाला, तेव्हांपासून हा प्रश्न जपानसंबंधानेंहि विचारावा लागतो. टोकियोच्या एदोगावा विभागांत निशी-कासाई येथें भारतीयांची मोठी वस्ती आहे. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ 2019 सालीं त्या विभागाच्या लोकनियुक्त सभेवर निवडून आले. अशा वस्तींत भारतीय खाणावळी सांपडतात. परंतु कामावरच्या मनुष्यास दुपारीं स्टेशनाजवळ जें स्वस्त आणि ऊन अन्न मिळतें, तें बहुधा एका वाडग्यांतून येतें. त्या वाडग्यांत काय असतें, तो स्वस्त कां पडतो, आणि आपल्या मुलानें तो घेतांना काय जाणून असावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

खोल वाडग्यास जपानी भाषेंत 'दोम्बुरी' म्हणतात, आणि त्यांतून वाढलेल्या भातासहि तेंच नांव पडलें आहे. खालीं ऊन भात, वर रसांत शिजविलेला एखादा पदार्थ. रस भातांत मुरतो, मग निराळें कालवण लागत नाहीं. आपला गोळाभात आठवावा. भरड्या डाळीचे गोळे भातांत कुस्करून वर फोडणीचें तेल घेतलें म्हणजे जेवण पुरें होतें, तत्त्व तेंच. भेद आहे तो तांदळाचा. भंडाऱ्या-चंद्रपुराकडील तांदळाचा भात मोकळा व्हावा अशी आपली अपेक्षा असते. जपानी तांदूळ आंखूड आणि चिकट. म्हणूनच तो काड्यांनीं उचलतां येतो. उडोन म्हणजे गव्हाचें पीठ, मीठ आणि पाणी एवढ्यांचीच जाड शेवई, उकडून ऊन रसांत घातलेली. वरणफळें खाणारास ती परकी वाटूं नये. मात्र वरणाच्या जागीं तेथें दुसराच रस असतो. त्याचा विचार पुढें करूं.

अशा दुकानांपैकीं जुनें म्हणजे 'योशिनोया'. तें 1899 सालीं टोकियोच्या निहोन्बाशी येथील मासळीबाजारांत निघालें. गिऱ्हाईक कष्टाळू आणि घाईचें. त्याला चटकन आणि पोटभर हवें. 1923 च्या भूकंपानंतर बाजार त्सुकिजी येथें हलला, तेव्हां दुकानहि त्याच्यामागें गेलें. भात आणि उडोन दोन्ही देणारें 'नाकाउ' हें दुकान 1969 सालीं ओसाका प्रांतांतील इबाराकी शहरीं सुरू झालें. आज दोघांच्याहि शाखा अनेक शहरांत आहेत.

स्वस्ताईचें कारण मांडणींत आहे. पदार्थ मोजके, मांस आणि कांदा मोठ्या भांड्यांत एकत्र शिजत असतात. पुष्कळ ठिकाणीं दाराशींच यंत्र असतें. त्यांत पैसे टाकून हव्या त्या पदार्थाची कळ दाबली कीं चिठ्ठी मिळते. हिशेब आधींच मिटल्यामुळें माणसें कमी लागतात. लांब फळीपुढें बसावें, वाडगा हातांत उचलून खावें, आणि उठून दुसऱ्यास जागा द्यावी. पाणी किंवा चहा फुकट, बक्षिसी नाहीं. उडोन भुरकतांना आवाज झाला तर कोणी वाईट मानीत नाहीं, आणि एकटें जेवणें हें तेथें लाजिरवाणें नाहीं. साधा वाडगा पांचशें येनच्या आसपास पडतो. टोकियोंतील तासाची किमान मजुरी 2024 च्या आक्टोबरांत 1163 येन ठरली. म्हणजे अर्ध्या तासाच्या कमाईंत एक वेळचें जेवण होतें.

आतां मुख्य गोष्ट. वाडग्यावर मांसाचा तुकडा नसला म्हणजे अन्न शाकाहारी झालें असें समजूं नये. उडोनच्या रसास 'दाशी' म्हणतात. तो बहुधा दोन वस्तूंपासून काढतात: 'कोम्बु' नांवाची समुद्रांतील वनस्पति, आणि धुरावर वाळवून कठीण केलेल्या माशाचा कीस. इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञानें 1908 सालीं कोम्बुमधील चवीचें द्रव्य शोधून काढलें आणि त्या चवीस 'उमामि' हें नांव दिलें. हाच रस अंड्याच्या भातांत आणि सोयाबीनच्या कढणांतहि, म्हणजे मिसोच्या सुपांतहि, बहुधा असतो. "मांस नको" असें सांगितलें तर वरचे तुकडे निघतील. रसांतला मासा निघणार नाहीं. रसांत तांदळाचें मद्यहि पडलेलें असूं शकतें.

म्हणून कांहीं शब्द मुलानें निघण्यापूर्वींच पाठ करावे. 'ग्यू' म्हणजे गोमांस, 'बुता' म्हणजे डुकराचें मांस, 'तोरि' म्हणजे कोंबडी, 'साकाना' म्हणजे मासा, 'तामागो' म्हणजे अंडें. 'ग्यूदोन' हाच या दुकानांचा प्रसिद्ध पदार्थ. तेव्हां गोमांस वर्ज्य असणारानें तो शब्द पक्का ध्यानांत ठेवावा. कोंबडी आणि अंडें एकत्र असलेल्या भातास 'ओयाकोदोन' म्हणतात. 'ओयाको' म्हणजे आईबाप आणि मूल. जो कोंबडी-मासे खातो त्याला एवढ्या माहितीवर निर्धास्त जेवतां येईल. शुद्ध शाकाहाऱ्यास मात्र कोरा भात, आणि रुचलें तर 'नात्तो' हें आंबविलेलें सोयाबीन, तेंहि सोबतची चटणी न घेतां, याखेरीज येथें फारसें कांहीं नाहीं. हें आधीं कळलेलें बरें.

आईनें शपथ घालावी आणि मुलानें ती अजाणतां मोडावी. पुढें खरें समजल्यावर त्यानें तें पत्रांत लपवावें. घर आणि मुलगा यांत पहिला आडपडदा पडतो तो असा. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं घरांतच बसून काय चालेल आणि काय चालणार नाहीं तें मोकळेपणीं ठरवावें. ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. परंतु ठरवितांना रसांत काय आहे तें दोघांनाहि ठाऊक असावें. आणि मुलगा मासा न खाणारा असेल, तर त्याच्या सामानांत तूरडाळ आणि हळद-तिखट बांधून द्यावें, व वरणफळें करण्यास त्याला आधींच शिकवावें.